सांबराची वेळ

माझं गाव येळ्ळूर. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याशी पसरलेलं भाताचं आणि कुस्तीचं गाव. बाहेरच्या लोकांना ते माहीत आहे ते बासमतीमुळे, नाहीतर २०१४ च्या जुलैत ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ या फलकावरून झालेल्या लाठीमारामुळे. जंगलाशी गावाचा तसा संबंध नाही. गडावर उभं राहिलं की एका अंगाला खाचरं आणि शहर दिसतं, दुसरीकडे हवा निवळलेली असेल तर खानापूरकडचे डोंगर. तिथं आपलं काही काम निघेल असं मला तिशी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं.

वडगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा एक बाई पोत्यात भरून हिरवट डबे घेऊन आल्या. कॅमेरे होते, आणि त्यांत मुंग्यांनी घरं केली होती. काहींच्या सर्किटवर अंडी, काहींच्या बॅटरीच्या स्प्रिंगा गंजलेल्या. मी जमतील तेवढे चालू करून दिले. बाई वन्यजीव संशोधक होत्या. खानापूरच्या जंगलात त्यांचं काम चालू होतं. महिन्याभरात परत आल्या, पुन्हा पोतं. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “दादा, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. डबे इथं आणण्यापेक्षा तुम्हाला तिकडं नेणं सोपं आहे.” पावसाळा सोडून बाकीचे महिने रोजावर जायचं ठरलं. दुकान धाकट्या भावाकडे दिलं, ते आता त्याचंच झालंय.

काम ऐकायला सोपं आहे. जनावरांच्या वाटेवर झाडाला कॅमेरा बांधायचा, काही दिवसांनी कार्ड बदलायचं, बॅटऱ्या बदलायच्या, पुढं जायचं. पण हा कॅमेरा चित्र बघून जागा होत नाही, उष्णतेने जागा होतो. भोवतालापेक्षा गरम काहीतरी समोरून हललं की आतला संवेदक चाळवतो आणि मग फोटो निघतो. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी, कातळ तापून जनावराच्या अंगाइतका झाला की समोरून अख्खा गवा गेला तरी याला पत्ता नसतो. उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने डोलायला लागलं की हा रिकामे फोटो काढत बसतो आणि बॅटऱ्या संपवतो. म्हणून आधी समोरचं गवत कापायचं. कॅमेऱ्याचं तोंड उगवतीला किंवा मावळतीला ठेवायचं नाही. मुंग्यांची रांग असलेलं झाड टाळायचं. हे मात्र मी त्यांना शिकवलं, दुकानातल्या अनुभवावरून.

वाघासाठी बांधायचं तर जोडीने. वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर पण जरा तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात. दोन्ही कुशींचे फोटो लागतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. देशभराच्या व्याघ्रगणनेत दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनाला एक जोडी आणि ती निदान पंचवीस दिवस चालू, असा हिशेब असतो. बांधून झालं की एकाने समोरून रांगत जायचं. चालत गेलं तर माणसाच्या उंचीची चाचणी होते, वाघाची नाही. नव्या माणसाने रांगायचं असा अलिखित नियम होता. पहिलं वर्षभर भीमगडच्या, जांबोटीच्या, हेम्माडग्याच्या वाटांवर मी वाघ झालो, आणि अंगावर गोचिड्या घेऊन घरी आलो. गोचिड्यांची चेष्टा नाही. त्या भागात माकडतापाची भीती असते, म्हणून हातापायांना तेल चोपडल्याशिवाय आम्हाला रानात सोडत नसत.

वाटा दाखवायला जंगलातल्या एका वाडीतले मामा होते. सगळेच त्यांना मामा म्हणत. वय सत्तरीच्या पुढं, अंगात खाकी अर्धी चड्डी, कमरेला कोयता. बाईंच्या नकाशावर चौकोन आखलेले असत आणि चौकोनाच्या मध्याजवळ कॅमेरा लागावा अशी त्यांची इच्छा असे. मामा तिथं जाऊन उभे राहत, इकडेतिकडे बघत, आणि तिथून दीडशे पावलं लांब जाऊन एखाद्या किंजळीच्या बुंध्यावर थाप मारत. “हितं बांध. ती वाट माणसांची. सांबर तिच्यावर येतंय, पर पाण्याला जाताना. परतताना ह्या धारेनं वर जातंय, वारा तोंडावर घिऊन.” बाई कधी ऐकत, कधी नाही. कार्डं उघडली की कोण बरोबर होतं ते कळे, आणि त्यावर कुणी काही बोलत नसे.

मामांचं हे ज्ञान कुठून आलं ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्या तरुणपणी गावाच्या पारधी निघत. हाका घालायला पंचवीस-तीस माणसं, कुत्री, खिंडीत लावलेली वाघर, मोक्याच्या जागी ठासणीची बंदूक घेऊन बसलेले दोघेतिघे. शिकार झाली की बंदूकवाल्याचा वाटा, कुत्र्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, देवाचा वाटा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. मामांनी ते दिवस कधी रंगवून सांगितले नाहीत आणि कधी त्याबद्दल कानही धरले नाहीत. एवढं मात्र सांगितलं, की दहा पारधीतल्या सात-आठ रिकाम्या जात. वारा फिरायचा, कुत्रं भलतीकडं जायचं, सांबर त्या दिवशी त्या खोऱ्यात नसायचंच.

एका मोसमात एका झऱ्याच्या वाटेवर सांबराचा एक मोठा नर सारखा सापडायला लागला. शिंगांची सहाही टोकं भरलेली, डाव्या शिंगाच्या मधल्या टोकाला बारीक खाच, त्यामुळे ओळखायला सोपा. मी संध्याकाळी मुक्कामावर लॅपटॉप उघडून फोटो ओळीने लावले. प्रत्येक फोटोच्या खाली तारीख, वेळ, तापमान, चंद्राची कला. रात्री दोन ते अडीच. कधी दोनला पाच कमी, कधी पावणेतीन, पण त्याच्या पलीकडे नाही. पाण्याला त्या वाटेने, आणि अर्ध्या तासाने धारेवरच्या कॅमेऱ्यात, मामांनी सांगितलेल्या वाटेने. मामा मागे उभे राहून बघत होते. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. बराच वेळ बघून म्हणाले, “हे आमाला तवा मिळालं असतं तर एकबी सांबर ऱ्हायलं नसतं.”

त्या वाक्याने माझं कामाकडे बघणंच बदललं. तोवर मला वाटत होतं की जंगल वाचलं ते कायद्यामुळे, आणि जिथं कायदा पोचला नाही तिथं देवराईमुळे. मामांच्या बोलण्यातून तिसरी गोष्ट कळली. शिकाऱ्याला माहीत नसायचं, म्हणूनही जनावर वाचायचं. आणि आम्ही दर पंधरवड्याला ते नेमकं माहीत करून घेत होतो, फाइलमध्ये व्यवस्थित लावून ठेवत होतो.

माझा एक पुतण्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो, मिलवॉकीजवळ. एकदा त्याचा व्हिडिओ कॉल आला. एका मोठ्या दुकानात उभा होता. “काका, हा बघा तुमचा कॅमेरा.” मागे भिंतभर तसलेच डबे, आम्ही वापरतो त्या कडीबॅक बनावटीचेसुद्धा. त्यांच्याशेजारी बंदुका, केशरी जाकिटं, हरणाच्या मुताच्या बाटल्या. होय, मुताच्या, नराला भुलवायला विकत मिळतात. आम्ही ज्याला संशोधनाचं यंत्र समजून सांभाळत होतो ते मुळात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी बनलेलं होतं. कडीबॅक बनवणारी कंपनी त्याच राज्यातली, आणि तिचं नाव नॉन टिपिकल. वेड्यावाकड्या, नेहमीपेक्षा निराळ्या फांद्या फुटलेल्या शिंगांना शिकारी तसं म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक वाघांची गणती शिकाऱ्यांच्या या डब्यांनी केलेली आहे.

पुतण्याच्या कचेरीतला एक सहकारी दर नोव्हेंबरात रजा घेतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिथला बंदुकीचा मोसम सुरू होतो, नऊ दिवसांचा, आणि त्या एका राज्यात साडेपाच-सहा लाख माणसं परवाना काढून रानात उतरतात. पण खरी तयारी उन्हाळ्यापासून. कुठल्या ओढ्याकाठी नराने झाडाची साल शिंगांनी सोलली आहे, कुठं खुरांनी माती उकरून मुतला आहे, हे बघून कॅमेरे बांधायचे. मग प्रत्येक मोठ्या नराची ओळख ठेवायची. त्यांना नावं देतात. कुठला नर दिवसाउजेडी बाहेर पडतो, कुठला फक्त रात्री, वारा कुठून असताना कुठली वाट धरतो, याची वही. अलीकडचे कॅमेरे तर सिमकार्डवर चालतात. हरीण समोर आलं की फोटो थेट खिशातल्या फोनवर. पुतण्या म्हणाला, “काका, त्याला ते हरीण त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक आहे.”

हसलो, पण मला ओळखीचं वाटलं. मीही तेच करत होतो. फरक म्हणाल तर बारीकसारीक. शिकारी कॅमेरा कमरेच्या वर, कधी डोक्याच्याही वर बांधून खाली तोंड करतो, म्हणजे हरणाच्या नजरेत येऊ नये. त्याला उजेड न पडणारा इन्फ्रारेड फ्लॅश हवा असतो, कारण नर एकदा बुजला की वाट सोडतो आणि त्याची सगळी मेहनत वाया जाते. आम्हाला वाघाचे पट्टे ठळक हवेत, म्हणून पांढरा फ्लॅश. तो पडला की जनावर दचकतं. काही नुसती मान वळवतात, काही उडी मारतात, अस्वल येऊन डबा चावतं. एखाद्या जनावराने बुजून वाट बदलली तरी आमचं फारसं बिघडत नाही, त्याचंही नाही. शिकारी मक्याचे दाणे टाकून बोलावतो (सगळ्या राज्यांत ते चालत नाही), आम्ही काही टाकत नाही. बाकी कौशल्य तेच. १९९७ मध्ये तिकडच्या शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्यातल्या नरांना शिंगांवरून ओळखून हरणांची मोजणी करायची रीत छापली. त्याच्या थोडं आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखायला सुरुवात केली होती. एकाच काळात दोन्हीकडे डबे झाडांना बांधले जात होते.

या प्रकाराचा मूळपुरुषही शिकारीच. जॉर्ज शायरस, पेनसिल्व्हेनियाचा वकील, काही काळ अमेरिकेच्या संसदेत होता. मिशिगनच्या एका तळ्यात तो रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून हरणं टिपायचा. हरीण उजेडाकडे बघत खिळून उभं राहतं, ही शिकाऱ्यांची जुनी युक्ती. मग त्याने बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला, आणि पुढे वाटेवर दोरी आडवी बांधून हरणालाच स्वतःचा फोटो काढायला लावलं. दोरीला पाय लागला की मॅग्नेशियमची पूड भडकायची. त्याचे चौऱ्याहत्तर फोटो नॅशनल जिऑग्राफिकच्या जुलै १९०६ च्या अंकात आले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने तीच दोरी वाघाच्या वाटेवर बांधली. त्याचं पुस्तक १९२७ चं. शायरसबद्दल मला कुतूहल आहे ते वेगळ्या कारणाने. बंदूक खाली ठेवली तरी शिकाऱ्याची अक्कल त्याने खाली ठेवली नाही. हरीण कुठं येणार हे ओळखल्याशिवाय दोरी बांधून काय उपयोग?

अमेरिकन शिकाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. तिकडे लांडगे आणि पहाडी सिंह बऱ्याच भागांतून मारून संपवलेले, हरणं बेसुमार, गाड्यांवर आदळून मरतात. शिकारीचं मांस खाल्लं जातं. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या कामाला जातो. आणि कॅमेऱ्याबद्दलची शंका त्यांच्यातच आधी उठली. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी केली. कोरडा मुलुख, पाणवठे मोजके, आणि प्रत्येक पाणवठ्यावर डब्यांची माळ. जनावराला पाणी प्यायला जागा आहे, पण कुणाला न कळता पिता येत नाही, अशी स्थिती. जनावराला निसटायची संधी असली पाहिजे, नाहीतर ती शिकार नव्हे, असं तिथल्या जुन्या शिकाऱ्यांचंच म्हणणं. आमच्या मामांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, “शाणी माणसं हाईत की.”

आपल्याकडे कॅमेऱ्यांनी काय दिलं तेही सांगायला हवं. २०१८-१९ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, गिनीजमध्ये नोंद झाली. त्यातून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. आकड्यांपेक्षा मला आवडते ती एका वाघाची गोष्ट. मे २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात त्याचा फोटो निघाला, आणि २०२० मध्ये तोच, त्याच पट्ट्यांचा, काळी व्याघ्र प्रकल्पात दांडेलीकडे दिसला. मध्ये दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. राधानगरी, तिळारी, आमचा खानापूर-भीमगडचा पट्टा अशी झाडी धरूनच तो गेला असणार. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला या वाघाचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रातून कर्नाटकात, न कुठला फलक न कुठली कोर्टाची तारीख. पण तो एकच वाघ आहे हे कळलं ते दोन राज्यांतले फोटो एकमेकांशेजारी ठेवले म्हणून. माहिती दाबून ठेवली असती तर हा रस्ता आहे हे कुणाला पटवता आलं नसतं, आणि रस्ता पटला नाही तर तो वाचवणार कसा? म्हणजे सांगावंही लागतं. कुणाला आणि किती, एवढाच प्रश्न.

आमच्यात काही नियम आपोआप पडले. फोटो दाखवायचा, जागा नाही. ओढ्याचं नाव नाही, वाडीचं नाही. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात ते काढल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. मागे ओळखू येण्यासारखा कडा किंवा देवळी असेल तर तो फोटो कितीही सुंदर असो, फाइलमध्येच. आणि वेळेची पट्टी कापायची. लोकांना वाटतं जागा लपवली म्हणजे झालं. जागा रानात फिरणाऱ्याला कधी ना कधी कळतेच. खूर, लेंड्या, सोललेली साल सगळं सांगतात. वेळ कुठलाच माग सांगत नाही. ती फक्त आमच्याकडे होती.

माणसांच्या फोटोंचं काय करायचं हा वेगळाच घोळ. पहाटे लाकडाला निघालेल्या बायका, मधाला गेलेले गडी, आडोशाला बसलेलं कुणी. बाईंचा नियम कडक होता. माणूस दिसला की फोटो पुसायचा, मोठा करून बघायचासुद्धा नाही. हा नियम सगळीकडे असतो असं नाही. कॉर्बेटच्या जंगलात बायका कॅमेऱ्यांमुळे कशा दबून गेल्या, रानात मोकळेपणी बोलणं-गाणं कसं थांबलं, यावर केंब्रिजच्या संशोधकाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या भागातल्या एक मावशी मला वेगळ्या शब्दांत तेच म्हणाल्या होत्या, “तुमचा तो डबा हाय तिथनं आमी पदर सारखा करून जातोय. जंगलात कशाला रे पदर सारखा करायला लावतास?” त्या वाटेवरचा कॅमेरा आम्ही वर सरकवला.

पण एका कार्डात बंदूक सापडली. रात्री एकचा फोटो. कपाळाला विजेरी, खांद्यावर नळी, चेहरा उजेडाने पांढरा पडलेला. पुढच्या फोटोत पाठ. तो पुसायचा नव्हता, तो वर पाठवायचा होता, आणि पाठवला. आठवड्याने गेलो तर तिथं साखळी होती, कुलूप होतं, कॅमेरा नव्हता. साखळी कापलेली नव्हती. ज्या फांदीला बांधली होती ती फांदीच सफाईने तोडून साखळी परत गुंडाळून ठेवली होती. कॅमेरा नेला तो महागाची वस्तू म्हणून, की आतल्या कार्डासाठी? कार्डात त्याचा स्वतःचा फोटो असेल, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक सांबराची वेळही असेल. माझी झोप उडाली ती दुसऱ्या शक्यतेने. त्यानंतर आम्ही कार्डाला पासवर्ड लागणारे कॅमेरे मागवले.

माहीत असणं आणि हाती लागणं यांत अंतर असतं, हे सगळ्या बेळगावने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. जाधवनगरात ५ तारखेला बिबट्याने एका कामगारावर झेप घेतली आणि मग तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. कॅमेरे लागले, ड्रोन उडाले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या तळावरून हत्ती आले, आसपासच्या बावीस शाळा बंद. मला जो भेटेल तो विचारायचा, “काय रे, तुझा बिबट्या कुठं हाय? तुला म्हाईत असणार की.” कॅमेऱ्यात तो येऊन गेला होता, रस्ता ओलांडताना लोकांनी पाहिलाही होता. पण फोटो काल रात्रीचा असतो. बिबट्या शेवटी सापडला नाही, आला तसा गेला. शहरात विनोदांना ऊत आला. मला मनातून बरं वाटलं, हे मात्र तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्यांची पोरं महिनाभर घरात अडकली होती त्यांना ते पटलं नसतं.

आणि याच्या उलटं टोक पलीकडच्याच डोंगरात आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली इथं जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विष घालून मारले गेले. गुरं मारली गेली होती. वाघाने मारलेल्या गुराकडे वाघ परत येतो, हे ज्ञान कुठल्याही गुराख्याकडे असतं. त्यासाठी कॅमेरा लागत नाही.

गेल्या सुगीत जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. ओळखीचा माणूस, त्याच्या पडवीत आम्ही कितीदा जेवलोय. भात पोटरीला आलेलं आणि रोज रात्री कुणीतरी येऊन लोळवतंय. “रानडुकरं हाईत. एक डबा आन की रे, कवा येतात ते कळूदे.” मी गप्प राहिलो. त्याला माझं गप्प राहणं कळलं. म्हणाला, “तुमच्या वाघाची वेळ तुमाला कळलेली चालते. माझ्या भाताची वेळ मला कळली तर काय बिघडलं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डुकराची वेळ कळली की पुढं काय येतं तेही दोघांना माहीत होतं. बांधावर तारेचा फास, नाहीतर पिठाच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब, ज्याने डुकराचा जबडा जातो, आणि कधी गाईचाही. त्याच्या घरात ते होतं असं मी म्हणत नाही. पण मागितलं तर मिळण्याच्या अंतरावर होतं.

मी कॅमेरा बांधला. अट एकच घातली, कार्ड मीच काढणार आणि मीच बघणार. चार रात्रींनी काढलं. डुक्कर एकदाच आलेलं, बांधाच्या कडेने. भात लोळवणारे गवे होते. तीन माद्या, एक वासरू, आणि मागे काळाभोर बैल. गव्याला काही करायची कुणाची छाती नव्हती, ना कायद्याने ना अंगबळाने. शेतकऱ्याने फोटो बघून कपाळाला हात लावला, मग म्हणाला, “मग भरपाई तरी घिऊया.” पंचनाम्याला आलेल्या माणसांना आधी खुरांवरून वाद घालावा लागतो, गुराचे की गव्याचे, इथं तारखेसकट फोटो होता. उतारा, अर्ज, नुकसानीचे फोटो आणि हा फोटो असं सगळं वनखात्याच्या भरपाईच्या ‘ई-परिहार’ या ऑनलाइन यंत्रणेवर चढवलं. वेळेची पट्टी त्या एका फोटोवर ठेवावी लागली, नाहीतर पुरावा कसला?

संध्याकाळी त्याच्या पोराने तोच फोटो व्हॉट्सॲपला स्टेटसवर टाकला. रात्री मला तीन फोन आले, गवा कुठला, म्हणून. मी पोराला स्टेटस काढायला सांगितलं. “माझ्याच शेतातला गवा, काका, फोटो बी माझा,” तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. पण फोटोत मागे पाटाची दगडी मोरी स्वच्छ दिसत होती, खाली वेळ होती, आणि त्या तिघांतल्या एकाचा आवाज मी ओळखला होता. पोराने कुरकुरत काढलं. तोवर एकशेदहा जणांनी ते पाहिलं होतं.